अहवालात ०.०७, घरात खोकला

प्रश्न: माझे मिस्टर प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये १४ वर्षं पॉलिशर आहेत. स्टीलबरोबर बेरिलियम कॉपरचे (बेरिलियम हा धातू मिसळलेल्या तांब्याचे) इन्सर्ट, म्हणजे मोल्डमध्ये बसवायचे तुकडेही त्यांच्या हाताखालून जातात. आठ महिने झाले, कोरडा खोकला जात नाही. जिना चढला की धाप लागते, वजनही पाच किलोनं उतरलंय. टीबीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. आता छातीच्या डॉक्टरांनी सारकॉइडोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार आहे असं सांगितलंय आणि पुढच्या आठवड्यात स्टेरॉइड सुरू करायचं म्हणतात. ओळखीतल्या एकांनी बेरिलियमचं नाव घेतलं, म्हणून मिस्टरांनी कंपनीत विचारलं. सेफ्टी ऑफिसरनी हवेच्या मोजणीचा कागद दाखवला. त्यावर बेरिलियम ०.०७ आणि मर्यादा ०.२ असं लिहिलं होतं. ‘मर्यादेच्या निम्म्याहून कमी आहे, तुमच्या खोकल्याचा कामाशी काही संबंध नाही,’ असं ते म्हणाले. मिस्टरांना ते पटलं. मला पटत नाही, पण का पटत नाही ते सांगताही येत नाही. त्यांचे कामाचे कपडे मी घरीच धुते. मुलगा चार वर्षांचा आहे. त्यांना नोकरी सोडायला सांगू का?

उत्तर: ताई, एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण तिला वेळेचं बंधन आहे. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. स्टेरॉइडची पहिली गोळी घेण्याआधी तुमच्या यजमानांची बेरिलियमची रक्ततपासणी करता येईल का, हे उद्याच डॉक्टरांना विचारा. तपासणीचं नाव आहे बेरिलियम लिम्फोसाइट प्रोलिफरेशन टेस्ट. नाव लक्षात राहण्यासारखं नाही, तेव्हा चिठ्ठीवर लिहून न्या. शेजारीच लिहा: ‘१४ वर्षं, बेरिलियम कॉपर, हातानं पॉलिशिंग.’ केसपेपरवर बहुतेक वेळा ‘कंपनीत नोकरी’ एवढंच लिहिलेलं असतं. पेशंट रोज कोणत्या धातूची धूळ नाकात घेतो हे त्या दोन शब्दांतून कुठल्याच डॉक्टरांना कळणार नाही.

या तपासणीत रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि बेरिलियमच्या क्षाराबरोबर काही दिवस ठेवतात. शरीरानं बेरिलियमशी आधीच वैर धरलेलं असेल, तर त्या पेशी त्याला ओळखतात आणि भराभर वाढायला लागतात. वैर नसेल तर काहीच घडत नाही. स्टेरॉइड नेमकं याच पेशींना दाबून टाकतं. म्हणजे औषध सुरू झाल्यावर रक्त दिलं तर खरा पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह निघू शकतो, आणि मग पुढची कित्येक वर्षं तो त्याच धुळीत बसून राहतो. पेशी जिवंत लागतात, त्यामुळे रक्त ताजं असतानाच प्रयोगशाळेत पोचावं लागतं, आणि ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. डॉक्टरांना आधी फोनाफोनी करावी लागेल, म्हणून ‘उद्याच’ म्हणते आहे. एका निकालावर कुणी निदान करत नाही. असामान्य निकाल आला तर पुन्हा रक्त घेऊन खात्री करतात. यजमानांची ब्रॉन्कोस्कोपी (नळी घालून फुप्फुस आतून बघणं) व्हायची असेल, तर फुप्फुसातून धुऊन घेतलेल्या पाण्यातल्या पेशींवरही हीच तपासणी करता येते, आणि ती जास्त बोलकी असते. मात्र त्यांची धाप झपाट्यानं वाढत असेल, तर तपासणीसाठी औषध अडवून धरू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

डॉक्टरांनी चुकीचं निदान केलं असं मी म्हणत नाही. बेरिलियमच्या जुनाट आजारात फुप्फुसात ज्या बारीक गाठी होतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. सारकॉइडोसिसमध्येही त्याच होतात. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी दोन्हींत फरक दिसत नाही. एक्स-रे, खोकला, धाप, उतरलेलं वजन, सगळं सारखं. फरक कळतो तो कामाच्या चौकशीतून आणि या रक्ततपासणीतून. सारकॉइडोसिस म्हणून वर्षानुवर्षं औषध घेतलेले लोक नंतर बेरिलियमचे रुग्ण निघाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दोन्हींवर औषधं बरीचशी सारखी, आधी स्टेरॉइड, मग गरज पडली तर मेथोट्रेक्सेट. मोठा फरक एकच. सारकॉइडोसिसचा माणूस औषध घेऊन त्याच बाकावर परत जातो. बेरिलियमच्या माणसाला त्या बाकावर पुन्हा बसू द्यायचं नसतं.

आता तो ०.०७. मी आयुष्यभर कारखान्यांतली हवा मोजत आले, त्यामुळे त्या कागदाकडे मला जरा जवळून बघू द्या. सेफ्टी ऑफिसर तुम्हाला फसवत नाहीत. त्यांनी आकडा बरोबर वाचला. त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मात्र आकड्यात नाही.

हा आकडा मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर हवा असा असतो. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा. काम करणारा माणूस आठ तासांत सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे हवा अगदी ०.२ च्या मर्यादेवर असली, तर पूर्ण शिफ्टमध्ये नाकातोंडातून २ मायक्रोग्रॅम बेरिलियम आत जातं. मिठाच्या एका कणाचे तीस वाटे करा, त्यातला एक वाटा. मोल्डसाठी वापरतात त्या बेरिलियम कॉपरमध्ये बेरिलियम जेमतेम २ टक्के असतं, बाकी जवळपास सगळं तांबं. तरीही हवेच्या एका घनमीटरात या मिश्रधातूची १० मायक्रोग्रॅम धूळ झाली की मर्यादा गाठली जाते. एवढी धूळ डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, घशात खवखवत नाही. ‘आमच्याकडे धूळ नसतेच’ असं पॉलिशर मला अगदी मनापासून सांगतात, तेव्हा ते जे दिसतं तेच सांगत असतात.

आणि ०.०७ ही आठ तासांची सरासरी आहे. पॉलिशिंगचं काम डोळ्यांसमोर आणा. काडेपेटीएवढा इन्सर्ट व्हाइसमध्ये धरलाय, लाकडी पट्टीला गुंडाळलेला पॉलिश पेपर त्याच्यावर पुढे-मागे चाललाय. पृष्ठभागावरचा उजेड बघायचा म्हणून पॉलिशरचं तोंड कामापासून वीतभर अंतरावर आहे. दर दोन-चार मिनिटांनी एअर गन उचलायची, हवा मारायची, आणि खाच स्वच्छ झाली का ते वाकून बघायचं. दिवसभरात हवा मारण्याचा सगळा वेळ मिळून पाव तासच भरला, आणि त्या पाव तासात त्याच्या नाकाशी २ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर बेरिलियम असलं, असं धरा. बाकी पावणेआठ तास हवा निर्मळ. सरासरी काढा: २ गुणिले १५, भागिले ४८०. उत्तर येतं ०.०६२५. कागदावर ते ‘०.०६’ म्हणून उतरेल, मर्यादेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात आठ तासांच्या ०.२ च्या मर्यादेशेजारीच दुसरी एक मर्यादा आहे: कोणत्याही १५ मिनिटांत सरासरी २ च्या वर जायचं नाही. म्हणजे आपल्या कल्पनेतला हा माणूस पाव तास त्या दुसऱ्या मर्यादेच्या टोकावर उभा होता, आणि आठ तासांच्या आकड्यात त्याचा मागमूसही उरला नाही. हवा एका दमात सलग मारली जात नाही, खरं आहे. पण यजमानांच्या कागदावर १५ मिनिटांची वेगळी मोजणी आहे का, हे विचारण्यासाठी एवढा हिशोब पुरेसा आहे.

दुसरं विचारायचं ते हे की मोजणी कुणाच्या कॉलरवर झाली. नीट केलेल्या मोजणीत कमरेला एक छोटा पंप लावतात. त्याची नळी खांद्यावरून येते आणि गाळणीची चपटी डबी कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर लावतात. पंप मिनिटाला दोनेक लिटर हवा ओढतो आणि माणूस नेहमीसारखं काम करतो. याऐवजी पुष्कळदा यंत्र एखाद्या टेबलावर किंवा भिंतीशी ठेवतात आणि त्याला ‘विभागाची हवा’ म्हणतात. ती भिंतीजवळची हवा. ती श्वासात घ्यायला तिथे कुणी उभं नसतं.

एका ठिकाणची गोष्ट सांगते. मी पॉलिशरच्या कॉलरला डबी लावली. दिवसभर तो इमानदारीनं काम करत होता. गाळणी जवळपास कोरी आली आणि मी तसा अहवाल द्यायला निघालेही होते. सवयीनं त्या दिवसाची जॉब कार्डं मागवून पाहिली. सातही जॉब स्टीलचे. तांब्याचे इन्सर्ट सुपरवायझरनं ‘पाहुण्या येणार आहेत’ म्हणून बाजूला काढून ठेवले होते. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घर आवरून ठेवतात तसं त्यानं शॉप आवरलं होतं. पुढच्या आठवड्यात न सांगता गेले, त्याच माणसाला तोच पंप लावला, आणि तांब्याच्या चार इन्सर्टनंतर आकडा मर्यादेच्या पार गेला. तेव्हापासून तारीख, माणूस, धातू आणि जॉब यांची नोंद असल्याशिवाय मी कुठल्याच अहवालावर विश्वास ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवू नका. एका दिवसाची एक मोजणी म्हणजे एकाच दिवसाची साक्ष. त्याच माणसाचं तेच काम दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तर आकडे कित्येक पटींनी वरखाली होतात.

आणि ०.२ हा आकडा तरी कुठून आला? इथे थोडं मागे जाते, कारण हे कळलं की ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांचं वजन तुम्हाला स्वतःलाच तोलता येईल.

१९४३ साली अमेरिकेतल्या एका सरकारी अहवालाचा निष्कर्ष होता की बेरिलियम मुळात विषारी नाही, त्रास होतो तो त्याच्याबरोबरच्या आम्लामुळे. (हा धातू सापडल्यावर सुरुवातीला त्याच्या क्षारांच्या गोड चवीवरून त्याला ‘ग्लुसिनियम’ म्हणायचे. शास्त्रज्ञ तेव्हा चव घेऊनही बघत.) तीनच वर्षांनी, १९४६ मध्ये, हॅरिएट हार्डी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी मॅसॅच्युसेट्समधल्या ट्यूबलाइट बनवणाऱ्या कामगारांमधले १७ रुग्ण सहकाऱ्याबरोबर नोंदवले. ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या लेपात तेव्हा बेरिलियम असायचं. बऱ्याच जणींचा आजार काम सोडल्यावर उघड झाला होता. ‘उशिरा येणारा’ हा शब्द त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच होता. १९४९ मध्ये ट्यूबलाइटमधून बेरिलियम गेलं, पण तोवर अणुबाँबच्या कारखान्यांना ते हवं होतं आणि तिथेही माणसं आजारी पडत होती. काहीतरी आकडा ठरवणं भाग होतं. अणुऊर्जा आयोगाचे मेरिल आयझेनबड आणि डॉक्टर विलार्ड मॅकल हे दोघं एका बैठकीला टॅक्सीनं जात होते. वाटेत त्यांनी हिशोब मांडला. शिसं, पारा अशा जड धातूंची तेव्हाची मर्यादा होती साधारण १०० मायक्रोग्रॅम. बेरिलियमचा अणू त्यांच्या अणूच्या सुमारे विसाव्या भागाइतक्या वजनाचा, म्हणून १०० चे झाले ५. त्यात सावधगिरीसाठी आणखी कमी केले, झाले २. दोघांच्याही दृष्टीनं हा तात्पुरता आकडा होता.

तो आकडा १९४९ मध्ये लागू झाला, पुढे कारखान्यांच्या कायद्यात गेला, आणि अमेरिकेत २०१७ साली नवा नियम येईपर्यंत तिथेच राहिला. ६८ वर्षं. त्या आकड्यानं भलंही केलं, तेही सांगायला हवं. एका दमात भरपूर धूळ आत गेल्यानं होणारा जो तीव्र आजार होता, ज्यात काही माणसं काही आठवड्यांतच दगावायची, तो जवळजवळ नाहीसा झाला. पण जुनाट आजार होतच राहिला, आणि तोही २ च्या आत हवा ठेवणाऱ्या कारखान्यांत. त्या काळातही प्रत्येक अहवालावर ‘मर्यादेच्या आत’ असंच लिहिलेलं होतं.

२०१७ मध्ये ओशानं मर्यादा दहापट खाली आणून ०.२ केली. ०.१ च्या वर गेलं की नियमित मोजणी आणि वैद्यकीय तपासणी सुरू करायची, अशी आधीची एक पायरीही ठेवली. पण त्याच नियमाच्या निवेदनात ओशानं मान्य केलंय की ०.२ वरही धोका शिल्लक राहतो. कारखान्यांना प्रत्यक्षात जमेल असा हा आकडा होता, म्हणून तो निवडला. औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांची अमेरिकेतली संघटना एसीजीआयएच कायदा करत नाही, फक्त आरोग्य बघून शिफारस करते. तिची २००९ पासूनची शिफारस आहे ०.०५. तिच्या मोजणीची पद्धत जराशी वेगळी आहे, पण ढोबळमानानं बघितलं तर तुमच्या कागदावरचा ०.०७ एका यादीत पास होतो आणि दुसऱ्या यादीत नापास. युरोपीय संघानं ०.२ ठरवला, पण ११ जुलै २०२६ पर्यंत ०.६ ची सवलत दिली. एकाच धातूसाठी, एकाच काळात, माणसाचं फुप्फुस तेच असताना इतके वेगवेगळे आकडे. तुमच्या इथला कायदा यातला कोणता धरतो ते बघा. त्याहून जुना आणि सैल आकडा असला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

बेरिलियमच्या बाबतीत मर्यादा इतकी डळमळीत का, तर हे शिशासारखं साठत जाऊन ठरावीक पातळीनंतर बाधणारं विष नाही. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. काही माणसांच्या पेशींवर जन्मतः अशी एक रचना असते की बेरिलियम तिथे नेमकं जाऊन बसतं आणि शरीराला आपलाच भाग परका वाटायला लागतो. एकदा हे वैर जडलं की अगदी थोडी धूळही पुरते. म्हणून एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकजण ३० वर्षं काम करून ठणठणीत निवृत्त होतो आणि दुसऱ्याला दोन वर्षांत खोकला लागतो. कारखान्यात टेबलावर बसून काम करणाऱ्या लिपिकांमध्येही हे वैर आढळलंय. ‘बाकी कुणाला काही झालेलं नाही’ हे वाक्य यजमानांनी कंपनीत ऐकलं असेलच. बाकीच्यांची रक्ततपासणी झाली आहे का, एवढंच त्यावर विचारावं. वैर जडलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही. पण कोणाला होणार ते आधी कळत नाही, म्हणून अशा माणसाला धुळीपासून लांब ठेवतात आणि दर वर्षा-दोन वर्षांनी फुप्फुसं तपासतात. धूळ त्वचेतूनही ओळख करून घेऊ शकते. पॉलिशरच्या बोटांना बारीक भेगा असतात आणि त्यांत ती काळपट पेस्ट बसलेली असते, ते आठवा. हातमोजे त्यासाठी.

आता तुमचे कपडे धुणं. ताई, ही गोष्ट मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लागली, कारण तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. १९४० च्या दशकाच्या शेवटी ओहायोमधल्या लोरेन गावात बेरिलियमच्या कारखान्याभोवती राहणाऱ्या ११ जणांना हा आजार झाल्याचं आढळलं. कारखान्यात कधी पाऊल न टाकलेली माणसं. दहाजण पाऊण मैलाच्या आत राहत होते, त्यांच्याकडे धुराड्यातून हवा येत होती. अकरावी व्यक्ती त्या कक्षेबाहेरची होती, आणि तिच्या घरी कामगाराचे कपडे धुतले जात होते. त्या पाहणीनंतर वस्तीच्या हवेसाठी ०.०१ असा वेगळा, कितीतरी कडक आकडा ठरला. तुमच्या घरातली हवा त्या आकड्याच्या हिशोबात मोडते, कारखान्याच्या नाही. तुम्ही घरात दिवसाचे फक्त आठच तास असता असं नाही, आणि चार वर्षांच्या मुलासाठी कारखान्याची मर्यादा कुणी ठरवलेलीच नाही.

घाबरवायला हे सांगत नाहीये. मोल्डच्या टूलरूममधली धूळ आणि त्या काळच्या भट्ट्यांमधली धूळ यांत फार अंतर आहे. पण आजपासून ते कपडे झटकू नका. झटकणं हाच सगळ्यात वाईट क्षण असतो, कारण शर्टावर बसलेली धूळ तेव्हा तुमच्या नाकाशी उडते. आज घरात जे आहेत ते झटकल्याशिवाय पिशवीत बांधा, पाण्यात बुडवूनच हाताळा, इतर कपड्यांत मिसळू नका. आणि हे कायमचं करत बसू नका, कारण धुणं हे तुमचं काम नाही. ओशाच्या नियमाप्रमाणे असे कपडे घरी न्यायचेच नसतात. मालकानं ते कामावरच बदलायची सोय करायची, धुलाई करायची, आणि धुणाऱ्याला कपड्यांवर काय आहे ते कळवायचं. बूट, चष्म्याचं घर, मोबाइल, गाडीचं हँडल, या जागाही धूळ घरी आणतात. ओल्या कापडानं पुसून ते कापड टाकून द्या. तुम्हाला स्वतःला खोकला किंवा धाप असेल, तर तुमच्याही डॉक्टरांना ही कपड्यांची हकिकत सांगा.

आता नोकरी. सोडू नका, निदान आज नाही. आजार कामातून आलाय असं ठरलं, तर भरपाईचा आणि उपचाराचा सगळा आधार त्या नोकरीच्या नोंदींवर असेल. रागानं राजीनामा दिला तर त्या नोंदी मागायला बाहेरून जावं लागेल. पण पॉलिशिंग मात्र आज थांबलं पाहिजे, तपासणीचा निकाल यायची वाट न बघता. त्याच शॉपच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसणं पुरेसं नाही, जिथे हा धातू नाही अशा विभागात बदली हवी. ज्यांचा आजार किंवा वैर सिद्ध झालंय आणि ज्यांच्या कामावरची हवा ०.१ किंवा त्याहून वर आहे, अशांना ओशाचा नियम बदलीचा हक्क देतो. कमी धुळीची जागा नसेल तर सहा महिने पगार चालू ठेवून घरी राहू देतो. तुमच्याकडे नेमका हा नियम लागू नसला तरी मागताना त्याचं नाव घेता येतं. तोंडावर साधा मास्क किंवा रुमाल बांधून तोच जॉब करायला सांगितलं तर नाही म्हणा. चांगल्या फिल्टरचा, चेहऱ्यावर घट्ट बसतो हे तपासलेला रेस्पिरेटर सुद्धा शेवटचा उपाय असतो.

बाकीच्या पॉलिशरांसाठी काय करायचं, तेही यजमानांनी सेफ्टी ऑफिसरच्या कानावर घालावं. मला वाटतं ते ऐकतील. बाकावर धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारं एक्झॉस्ट लावायचं. एअर गन आणि झाडू बंद, त्याऐवजी हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम आणि ओलं पुसणं. कूलंटमुळे, म्हणजे मशिनवर थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवामुळे, धूळ बसते खरी, पण वाळलेल्या कूलंटचा थर पुन्हा उडतोच, म्हणून मशिनही पुसायचं. आणि प्रत्येक इन्सर्टला बेरिलियम लागतंच का, हे डिझाइनवाल्यांना विचारायचं. निकेल, सिलिकॉन आणि क्रोमियम घातलेला तांब्याचा मिश्रधातू पुष्कळ मोल्डमध्ये उष्णता तितकीच चांगली ओढतो. कडकपणात तो थोडा मागे पडतो, म्हणून सगळीकडे चालणार नाही, पण जिथे चालेल तिथे हा प्रश्नच मिटतो. कोणता इन्सर्ट कशाचा आहे ते धातूच्या सुरक्षा-माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. बेरिलियम ०.१ टक्क्यापेक्षा जास्त दिसलं की हे सगळं लागू आहे असं समजा.

तो मोजणीचा कागद फक्त बघून परत देऊ नका, त्याची पूर्ण प्रत मागा. अर्ज लांब नको. असा लिहा: ‘माझ्या कामाच्या जागी बेरिलियमसाठी हवेची मोजणी झाली आहे. ती कोणत्या तारखेला, कोणाच्या कॉलरवर, किती मिनिटं, कोणत्या धातूच्या जॉबवर झाली, आणि १५ मिनिटांची वेगळी मोजणी झाली का, हे दाखवणारा संपूर्ण अहवाल मिळावा. मला फुप्फुसाचा आजार आढळला असून निदान पूर्ण होईपर्यंत बेरिलियम कॉपरच्या कामापासून मला दूर ठेवावं. माझे कामाचे कपडे बदलण्याची आणि धुण्याची सोय कामावर व्हावी.’ खाली तारीख आणि सही. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, आणि ती पोच त्यांच्या एक्स-रेच्या पाकिटातच ठेवा. डॉक्टर पाकीट उघडतील तेव्हा दोन्ही कागद त्यांना एकदमच दिसतील.